हितेंद्रच्या वाट्याचा रोट

श्रावणात घरी कानबाई देवी बसणार म्हटलं की खान्देशातला माणूस सुरतेला असो की पुण्याला, घरी येतोच. नाही आला तर भाऊबंद विचारतात, आणि असं विचारतात की पळता भुई थोडी होते. हितेंद्रला नेमकी त्याचीच धास्ती होती.

पुण्यातली त्याची नोकरी चैत्रातच गेली होती. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा. पण घरी सांगायचं कुठल्या तोंडाने? पोरगा इंजिनिअर म्हणून वडील, भाईदास, गावात मान ताठ करून चालत. मग हा पठ्ठ्या गुपचूप धुळ्याला आला आणि देवपुरात योगराज नावाच्या मित्राच्या खोलीवर पडून राहिला. गाव दोंडाईच्याजवळ, एसटीने दोन तासांवर. आणि फोनवर मात्र हा आईला रोज पुण्यातला पाऊस सांगायचा! खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण याचा पाऊस मोबाईलवर बघून सांगितलेला, अगदी खरा असायचा. अर्ज करून करून तो थकला होता. आपण कशाच्या लायकीचे आहोत, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

कानबाईसाठीही साहेब सुट्टी देत नाही, असं त्याने कळवलं. रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची रीत. आई पार्वताबाईने त्याच्याही नावाने घेतले. आता रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, काही साधी भाकरी नव्हे. तो घरच्याच माणसाने खायचा, शेजाऱ्याला द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. तुझा ठेवते, ती फोनवर म्हणाली. हा हो म्हणून मोकळा झाला.

कानबाईला नदीवर बोळवलं, आणि दोन दिवसांनी भाईदासांचा फोन आला. ते पुण्यात होते, हितेंद्रच्या जुन्या खोलीच्या दारात. सांगितलं तर पोरगा नको म्हणेल, म्हणून न कळवताच रोट घेऊन गेले होते. दार उघडणाऱ्या मुलाने सांगितलं, तो तर केव्हाच सोडून गेला.

आता शिव्या बसणार. बसू देत, हितेंद्रला वाटलं, एकदाच्या बसू देत.

भाईदास म्हणाले, "तुना रोट मनी पिशवीमा शे, भाऊ. आते कोठे लई येऊ, तेवढं सांग."

"देवपूर," हितेंद्र म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

दोंडाईच्याहून धुळ्यात शिरणारी एसटी देवपुरातूनच जाते. आदल्या दिवशी भाईदास त्याच रस्त्याने, मांडीवर पिशवी धरून, त्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावरून पुण्याकडे गेले होते.

"काल मनी गाडी तठूनच गयी," ते म्हणाले.