मांजर उडी मारून झाल्यावर

मी फिल्म जोडायची एक जुनी मशीन आहे, आणि मित्रांनो, माणसांना दचकवण्याच्या कामात माझा हात धरणारं त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये फारसं कुणी नव्हतं.

माझा रंग हिरवा. माझ्या एका बाजूनं चित्राची फिल्म धावायची, दुसऱ्या बाजूनं आवाजाची. मधोमध तळहाताएवढी काच होती, तिच्यात चित्र दिसायचं. पायाखालचं पेडल दाबलं की मी शिवणयंत्रासारखी खडखडायचे, सोडलं की चित्र जागच्या जागी थांबायचं. ज्या कारागिरांनी माझे दाते घासले, त्यांनी ते इतके नेटके घासले होते की वर्षानुवर्षं धावूनही माझ्या हातून फिल्मला ओरखडा पडला नाही.

माझी उमेदीची वर्षं शहरालगतच्या बरबँकमध्ये, टायरच्या दुकानामागच्या एका बैठ्या इमारतीत गेली. तिथं मॉर्ट झेलर या गृहस्थाचा धंदा होता. तो चित्रपट काढत नसे, दुसऱ्यांच्या चित्रपटांचे ट्रेलर करून देत असे. माझ्यासमोरची खुर्ची लॉर्ना क्युबियाकची. तिच्या हातात पांढरे मोजे, कानामागे खडूची पेन्सिल. जिथं कापायचं तिथं ती फिल्मवर खूण करी. कापलेले तुकडे शेजारच्या कापडी पेटीवर टाचण्यांना लटकत, आणि काम संपलं की कचऱ्यात जात.

ऐंशीचं दशक उजाडलं आणि आमच्याकडं एकाच जातीचे चित्रपट येऊ लागले. मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा, आणि एकेकटी सापडणारी तरुण मुलंमुली. त्यांना स्लॅशर म्हणत. गंमत अशी, की ट्रेलर सगळ्या प्रेक्षकांसमोर दाखवायचा असेल तर त्यात रक्ताचा थेंबही चालत नसे. मंजुरी देणारं मंडळ तो परत पाठवायचं. म्हणजे काही न दाखवता घाबरवायचं.

लॉर्नाला ते साधलं होतं. ती खुनी दाखवायची नाही, खुन्याच्या डोळ्यांनी घर दाखवायची. झुडपाआडून उजेडातली खिडकी, आत केस विंचरणारी मुलगी. फोन वाजतो, पलीकडून कुणी बोलत नाही. मग ती सगळे आवाज काढून घ्यायची. आवाज गेला की माणूस आपोआप पुढं झुकतो. तो झुकला की धप्पकन मांजर उडी मारायचं, लोक किंचाळायचे, हुश्श करायचे, आणि त्या हुश्शमध्येच खरा सुरा चमकायचा. शेवटी एक जाडाभरडा आवाज चित्रपटाचं नाव सांगायचा. भीती दाखवायची, पण दारामागे कोण आहे ते सांगायचं नाही. ते बघायला तिकीट काढावं लागायचं.

अडचण एवढीच, की शहरातला प्रत्येक ट्रेलर आता असाच होऊ लागला होता.

अशाच एका वर्षी सप्टेंबरात व्हर्नन प्रुइट नावाचा निर्माता 'वरच्या मजल्यावरचा पाहुणा' घेऊन आला. मॉर्टची एक रीत होती. नवा ट्रेलर तो गुरुवारी दुपारी गावातल्या थिएटरात दुसऱ्याच चित्रपटाआधी लावायचा आणि प्रेक्षकांचा आवाज टेपवर उतरवून आणायचा. मग ती टेप माझ्या आवाजाच्या बाजूला आणि ट्रेलर चित्राच्या बाजूला लावला की लोक कुठं घाबरले, कुठं जांभई दिली, ते कळे.

लॉर्नानं व्हर्ननचा ट्रेलर जोडला, आणि पहिल्या गुरुवारची टेप मी वाजवली. मुलगी दाराकडं चालली होती, सगळीकडं शांतता. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक पोरगा ओरडला, "आलं बघ मांजर!" आणि मांजर आलं. थिएटर हसून लोळायला लागलं. पुढचा सुरा त्या हशात कुणाला दिसलाही नाही.

व्हर्नन लाल झाला. "बावीस खून केलेत मी या सिनेमात! बावीस! आणि लोक काय बघतायत, मांजर!"

"खून दाखवले तर मंडळ परत पाठवेल," लॉर्ना म्हणाली.

"मग मांजर काढा!"

"मांजर काढलं तर लोक त्याची वाट बघत बसतील. तेही हसतीलच."

"बाई, मला शहाणपण नको, रांगा हव्यात. पुढच्या गुरुवारी लोक पुन्हा हसले तर मी दुसरीकडं जातो."

तो गेल्यावर मॉर्टनं दार लावून घेतलं. "लॉर्ना, तो गेला तर त्याचे पुढचे तिन्ही सिनेमे जातात. मग या खुर्चीचा पगार मी काढू कुठून? तुला कुत्र्याच्या बिस्किटांच्या जाहिराती जोडायला धाडावं लागेल."

"कुत्री तरी हसत नाहीत," ती म्हणाली. पण तिचा पाय माझ्या पेडलवर नुसताच पडून होता.

आठवडाभर तिनं सगळं करून पाहिलं. किंकाळी आधी आणली, मग नंतर नेली. फोन काढला, परत घातला. काही जमेना. बुधवारी सकाळी तिनं कापडी पेटीतला मांजराच्या दृश्याचा उरलेला तुकडा उचलला आणि माझ्यावर चढवला.

मित्रांनो, तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या धंद्यात तो तुकडा कुणीच बघत नसे. मांजराचे पाय जमिनीला टेकले की कात्री चालवायची, ही सगळ्यांच्या हाताची सवय होती. पुढचं फेकून द्यायचं. इथं कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद करायला उशीर केला होता. मांजर उतरलं, अंग झटकलं, मग त्यानं मान वर केली आणि सरळ भिंगाच्या मागं कुठंतरी बघू लागलं. तिथं कुणीतरी मासळीचा तुकडा धरून उभं असणार. पण काचेत मासळी दिसत नव्हती. दिसत होती फक्त त्याची नजर, आणि हळूहळू मागं चिकटत गेलेले कान.

लॉर्नानं पेडल सोडलं. फिल्म मागं घेतली. पुन्हा चालवली.

"मॉर्ट, इकडं ये."

मॉर्ट आला, त्यानं पाहिलं. "बरं. मांजर बघतंय. पुढं?"

"पुढं काही नाही. सुरा काढला. इथंच संपतो ट्रेलर. आवाजसुद्धा नाही, नुसतं नाव."

"व्हर्नन मला सोलून काढेल."

"तुला ना? मग माझं काय जातंय!"

गुरुवारी टेप आली. व्हर्नन हाताची घडी घालून मागं उभा राहिला. मी धावू लागले. फोन, शांतता, दार. मग तोच ओरडा, "मांजर! मांजर!" मांजर आलं आणि जोराचा हशा पिकला. व्हर्ननच्या तोंडून शिवी निसटली. लॉर्नानं पेडल सोडलं नाही.

मांजरानं मान वर केली. हसणं विरत गेलं, मग थांबलं. काचेत मांजर बघत होतं, आणि टेपवर एक आवाज आला, जो मी आजवर कधी वाजवला नव्हता. आधी एक खुर्ची करकरली. मग चार. मग थिएटरभरच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा एकदम कुरकुरल्या.

"हे काय?" व्हर्ननचा आवाज बारीक झाला होता.

"लोक वळले," मॉर्ट म्हणाला. "सगळेच्या सगळे मागं वळून बघायला लागले. आणि मागं कोण? मी! हातात सँडविच. साडेतीनशे माणसं माझ्याकडं बघून किंचाळली हो!"

टेपवर ती किंकाळी आलीच. अशी खणखणीत, की माझा छोटा स्पीकर थरथरला. आणि तिच्यामागून त्याच पोरग्याचा आवाज, "ए, हा कधी लागणार आहे?"

व्हर्नननं टोपी काढली. "बाई, माझे बावीस खून फुकट गेले."

"ते तिकीट काढून बघतील," लॉर्ना म्हणाली, आणि हातातले मोजे काढून माझ्या डोक्यावर ठेवले.

मंडळानं तो ट्रेलर एका दिवसात मंजूर केला. मांजराला कोण हरकत घेणार? ऑक्टोबरअखेर, हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या आठवड्यात थिएटरबाहेरच्या रांगा पार्किंगच्या जागेला वळसा घालून गेल्या. व्हर्ननचे तिन्ही चित्रपट आमच्याकडंच आले, आणि ती खुर्ची लॉर्ना निवृत्त होईपर्यंत तिचीच राहिली.

पुढं कॉम्प्युटर आले. मी काही वर्षं गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी काढली. मग लॉर्नानंच मला शोधून एका चित्रपट-शाळेला दिलं. देताना प्राचार्यांना बजावलं, "हिला शोभेला ठेवलंत तर मी परत घेऊन जाईन." ती हयात होती तोवर दर वर्षी मुलं माझ्यावर काम करत. आता मी जिन्याखाली उभी आहे. पुसून लख्ख, आणि अंगावर पाटी, 'हात लावू नये'.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ झटकणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. माझे दाते अजून शाबूत आहेत. थोडं तेल घाला, स्वच्छ हातांनी फिल्म चढवा आणि तुमच्या शिक्षकांना सांगून ती पाटी काढा. मग पेडलवर पाय ठेवा. बाकीचं मी बघते.