शर्टांचं पाणी

"मी वाचून दाखवतो, तुम्ही ऐका. मग सही करा," असं म्हणून माहिती अधिकाऱ्यांनी चष्मा चढवला. समोरच्या बाकावर इस्त्रीवाली मावशी अंग चोरून बसली होती.

तिच्या गल्लीमागे रंगाचा कारखाना होता आणि गल्लीतल्या नळाला पिवळं पाणी. तिच्या लेकीच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्या होत्या, तरी पाणी दरवर्षी तपासणीत पास कसं होतं ते कुणी सांगेना. शेवटी लेकीनेच अंथरुणात बसून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहिला. कचेरीने मावशीला हेलपाटे घालायला लावून अगदी मेटाकुटीला आणलं. पण अहवाल हाती आला की कारखान्यावर दावा लावायचा, असं गल्लीने ठरवलं होतं.

अहवालात पाणी पिण्यालायक होतं. नमुना घेतल्याचं ठिकाण, इस्त्रीवालीचं घर. नमुना देणारी, ती स्वतः.

मावशीला तो तपासनीस आठवला. घामाघूम होऊन यायचा, बाटली पुढे करायचा. दारात आलेल्या माणसाच्या हाती ते घाण पाणी द्यायची तिला लाज वाटायची. मग ती कोपऱ्यातल्या कॅनमधलं द्यायची. तो कॅन ती हमरस्त्यापलीकडून भरून आणायची, कारण नळाचं पाणी शिंपडलं की गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शर्टांवर डाग पडायचे. शर्टांना कॅनचं, घरात प्यायला नळाचं. पोटातले डाग कुणाला दिसतात!

"साहेब, बाटली नळाला लावायची असते का हो?"

"असते की."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का?" साहेबांनी पेन पुढे केलं. "उलट तुमचं नाव काढतो तो. तुमच्यामुळे त्याची नळापर्यंतची पायपीट वाचली."

कारखान्याचा वकील कालच या अहवालाची नक्कल घेऊन गेला, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. आता दावा कसला आणि काय. मावशीने सही केली.

घरी लेक डोळे लावून बसली होती. काय आलं, तिने विचारलं. अजून काही नाही, मावशी म्हणाली आणि तिच्याकडे न बघताच कॅन तिरपा करून पेला भरला. तो तिने लेकीच्या ओठांशी नेला.

लेकीने तोंड बाजूला केलं.

"आई, ते शर्टांचं आहे ना. मला नळाचं दे."