खड्ड्यातून आलेला ओके

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. अंगाने अगदीच किरकोळ, इंग्रजीतली दोनच अक्षरं: ओके. माझा जन्म थट्टेत झाला, असं जाणकार सांगतात. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतल्या टवाळ मंडळींनी 'सगळं बरोबर' या अर्थाचे इंग्रजी शब्द मुद्दाम चुकीचे लिहिले, आणि त्यांची आद्याक्षरं म्हणजे मी! माझ्यासोबतची तसली भावंडं केव्हाच विसरली गेली. मी मात्र चिवट. तिथल्या निवडणुकीत शिरलो, तारयंत्रात शिरलो, हिंडत हिंडत तुमच्या घरात आलो.

इथे कामाला काय तोटा! 'हो', 'कळलं', 'चालेल', 'पुरे आता', सगळी ओझी माझ्याच डोक्यावर. पण माझे मानाचे दिवस गेले ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाबांकडे. त्यांच्या कामात एक नियम होता. जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला, की त्याचा खणखणीत 'ओके' कानांनी ऐकल्याशिवाय वरून लिफ्ट हलवायचं बटण दाबायचं नाही. हात दाखवलेला चालत नाही. माझ्यावर माणसाचा जीव असे, आणि खरं सांगतो, मला केवढा अभिमान वाटे!

घरीही तोच नियम. बाबा कामाला निघाले, की त्यांची आईविना वाढलेली लेक कडी लावून आतून ओरडायची, "ओके, बाबा!" मगच ते जिना उतरायचे.

लेक नोकरीसाठी परगावी गेली. आधी रोज फोन यायचा, मग नुसते मेसेज. "बरी आहेस ना?" ओके. पुढे तर माझं मुंडकंच उडालं, नुसता 'के' उरला! मी फोनच्या काचेवर मुका पडून असायचो आणि बाबा चष्मा लावून माझ्याकडे बघत बसायचे. आम्हा दोघांनाही तिचा आवाज हवा होता.

एका संध्याकाळी त्यांना राहवेना. त्यांनी फोन लावला.

"बाबा, मेसेज केला की! उगीच काय काळजी करता?"

"वाचला गं. ऐकला कुठे? खड्ड्यातून आवाज आल्याशिवाय मी बटण दाबत नाही. एकदा तोंडाने म्हण."

मी तिच्या ओठांपर्यंत आलो आणि तिथेच अडकलो. बाहेर आला तो हुंदका.

"नाही हो बाबा. नोकरी गेली माझी. तुम्हाला सांगायचा धीरच होईना."

"वेडी कुठली! थांब तिथेच. मी निघालो."

उभ्या आयुष्यात उच्चारला न गेल्याचा आनंद मला तेवढ्या एकदाच झाला. म्हणून विनवतो, मित्रांनो, मला जरूर वापरा, पण वाट बघणाऱ्या माणसाला गप्प करायला वापरू नका. आणि कुणी मला नुसतं लिहून पाठवलं, तर एकदा माझा आवाज ऐका.

लेक आता घरी आहे. बाबा निघाले, की कडी लावते. बाबा जिन्यात क्षणभर थांबतात, मीही कान देतो. आतून एवढंच येतं, "लवकर या हं, बाबा." त्यावर ते खाली उतरतात. मला घाई नाही. ती सावरली की येईन मी तिच्या तोंडी, पण खरा होऊन.