थाप्या बुडवलेलं पाणी

मी एक जुनी पांढरी बादली आहे. मित्रांनो, माझा जन्म खरं तर काकडीच्या लोणच्यासाठी झाला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या एका खानावळीतलं लोणचं संपलं आणि एमिल नावाच्या काँक्रीटच्या गवंड्याने मला उचलून कामावर नेलं. तेव्हापासून माझ्यात पाणी असतं. जमिनी गुळगुळीत करणारे गवंडी त्यात थाप्या बुडवतात, घासतात आणि पुन्हा कामाला लागतात. "ही बादली माझ्या जावयापेक्षा कामाची," असं एमिल म्हणायचा. मी फुगून जायचे.

मग आमच्या कामावर रोझलिन आली. वय चौतीस, घरी एक मुलगी, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं भांडी घासलेली. गवंड्यांच्या संघटनेत शिकाऊ उमेदवारी मिळावी म्हणून तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. काम शिकायचं आणि शिकतानाच पगारही घ्यायचा, हे तिला अजून खरं वाटत नव्हतं. पहिले सहा महिने पारखून मगच तिला पक्कं करणार होते. त्यामुळे ती सहसा कुरकुर करत नसे.

ऑगस्टमध्ये एका गोदामाची जमीन घालत होते. ओलं काँक्रीट तिच्या पँटमधून गुडघ्याला लागलं.

"एमिल, गुडघा चुरचुरतोय."

"चुरचुरणारच. राणीसाहेब आजवर उभ्याने भांडी घासत होत्या ना? काँक्रीट कुणासाठी थांबत नाही, पोरी. माझ्या लग्नालासुद्धा थांबलं नव्हतं."

जेवणाच्या सुट्टीत ती लंगडत माझ्यापाशी आली. "उमेदवारीच्या वर्गात सांगितलंय, स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवायचं. नळ तर पार फाटकापाशी आहे. हे चालेल का?"

"तीस वर्षं मी यातच हात धुतोय. बघ, पडले का गळून?"

तिने ओंजळी भरभरून गुडघा धुतला, ओली पँट तशीच खाली ओढली आणि संध्याकाळपर्यंत त्याच गुडघ्यावर बसून काम केलं. सकाळपासून माझ्यात सगळ्यांच्या थाप्या बुडाल्या होत्या. त्यांच्यावरच्या सिमेंटचा क्षार उतरून ते पाणी आता कातडी जाळणारं झालं होतं. मला ठाऊक होतं. हलता आलं असतं, तर मी तिथेच उपडी झाले असते.

घरी पँट काढताना कातडी सोबत निघाली, असं मी नंतर ऐकलं. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून गुडघ्यावर लावली. संघटनेने वर्षभर तिची जागा राखली. पण गुडघा काही वाकेना, आणि गुडघे टेकल्याशिवाय हे काम होत नाही.

हत्यारं परत करायला ती काठी टेकत आली, तेव्हा एमिलला तिच्याकडे बघवेना.

"मला शिव्या तरी घाल," तो म्हणाला.

"कशाला? तुम्ही खोटं थोडंच बोललात? तुमचे हात शाबूत आहेतच की."

मित्रांनो, हत्यारांचं पाणी आणि अंग धुवायचं पाणी वेगळं ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि एखादं नवखं माणूस "हे चालेल का?" असं विचारत आलं, तर आपल्या हातांकडे बघून उत्तर देऊ नका. आधी त्याच्या गुडघ्याकडे बघा.