गवत कापलेला दिवस

मी एक जुने, दोन आसनांचे विमान आहे. पोलंडमधल्या एका गवताळ मैदानावर मी नवशिक्यांना उडायला शिकवते. मित्रांनो, त्यांनी माझी चाके कितीही दणादण आपटली तरी मी कधी कुरकुर केली नाही. म्हणून सगळे मला गुणी म्हणतात. हल्ली मला ते ऐकवत नाही.

माझ्या शेडशेजारच्या खांबावर करकोच्यांचे घरटे आहे. त्यातल्या नराचे नाव वोय्तेक. इकडे सगळेच करकोचे वोय्तेक असतात. त्या उन्हाळ्यात घरट्यात तीन पिल्ले होती.

गवत कापले की उंदीर, बेडूक उघडे पडतात आणि करकोचे जेवायला उतरतात. म्हणून त्या दिवशी उडायचे नाही, असा आमचा नियम. पण माझ्यावर शिकणारी यागोदा त्या दिवशी पहिल्यांदा एकटी उडणार होती. असे उडून आलेल्याच्या पार्श्वभागावर प्रत्येकाने एकेक पट्टा द्यायचा आणि हातात काटेरी फुलांचा गुच्छ, ही इथली रीत. गुच्छ तयार होता, पट्टे तयार होते. आणि गवत कापणाऱ्या लेओनकाकांनी कौतुकाने सकाळीच ट्रॅक्टर फिरवला.

"काका, आजच कापलंत?" शिकवणारे तादेउशसर म्हणाले. "आता उद्यावर ढकलावं लागेल."

"पोरीचा दिवस आहे, मैदानाची दाढी नको करायला? आणि तिची आई चीजकेक घेऊन बसलीय. उद्या काय शिळा खायचा?"

सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी यागोदाला माझ्यात एकटीला बसवले.

मी जमीन सोडली आणि गवतातून वोय्तेक उठला. मला वळायला वेळच मिळाला नाही. माझ्या डाव्या पंखावर धाडकन आवाज झाला.

"यागोदा, मागे बघू नकोस," रेडिओवर सर म्हणाले. "नाक खाली. वेग सोडू नकोस."

तिने मला सुखरूप उतरवले. "शाब्बास, म्हातारे पण दणकट आहे!" म्हणून लोकांनी मला थोपटले. यागोदा मात्र खांबाकडे बघत रडत होती.

एकटी मादी तिघांना पुरी पडेना. आठवड्याभरात तिने सर्वांत धाकटे पिल्लू घरट्याबाहेर ढकलले. लेओनकाकांनी ते पुरले. मग ते रोज कुंपणापलीकडे, धावपट्टीपासून दूर, विळ्याने गवत कापू लागले. मादी त्यांच्या मागेमागे चालायची. उरलेली दोन पिल्ले जगली.

ती दोघे उडाली, त्यानंतर यागोदा परत आली. आधी सगळी धावपट्टी पायी फिरून तिने गवतातले पक्षी उठवायला टाळ्या वाजवल्या, मग मला एकटीने उडवले. उतरल्यावर तिने स्वतःच पाठ वळवली.

"हळू मारू नका."

"तिच्यानंतर मला," लेओनकाका म्हणाले.

"आणि मला," सर म्हणाले.

मला कोणी पट्टा मारला नाही. माझ्या पंखाला नवा रंग मिळाला.

मित्रांनो, गवत कापलेल्या दिवशी आम्हाला उडवू नका. चीजकेक दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो.