ठोकळे काढायच्या आधी

फरशीवर रंगवलेला एक पिवळा बाण. तो ज्या दाराकडे जातो, तिथे आता भिंत आहे.

*

ठोकळे पायाने सरकवायचे नसतात. वाकून, हाताने काढायचे.

*

थोरली सुरू होताना खोकायची. मधलीचं दार खांदा मारल्याशिवाय बसत नसे. धाकटी गुणी होती, पण पावसाळी हवेत रुसायची.

*

"तो आला तरच टेबलावर झोपेन. नाहीतर डॉक्टरला म्हणावं, दुसरा डोळा शोध."

*

"एका विमानाला दोन नंबर?"

"हो."

"एका माणसाला दोन आडनावं असतात का?"

"लग्न झालेल्या बाईला विचारा, बाबा."

*

हे सगळं एकाच घरातलं आहे.

मी या छोट्या विमानतळावर काउंटरला असते. बाबाही इथलेच, पण बाहेरचे, विमानाखालचे. विमान येऊन थांबलं की चाकांना ठोकळे लावायचे, सामान उतरवायचं, चढवायचं, आणि शेवटी ठोकळे काढून दोन्ही हातांनी वर धरायचे, पायलटला दिसतील असे. मग विमान हलायचं. निवृत्त होईपर्यंत बाबांनी हेच केलं.

आमची कंपनी म्हणजे तीन पंखेवाली विमानं. थोरली, मधली, धाकटी ही नावं बाबांनी आणि पैलवानाने ठेवलेली. पैलवान म्हणजे बाबांचा जोडीदार, अजून नोकरीवर असलेला, वाळलेल्या काडीसारखा माणूस. हे नाव त्याला ज्याने दिलं त्याचा शोध तो अजून घेतोय. सकाळचं विमान डोंगरातल्या गावाला जायचं, दुपारचं किनाऱ्याला, संध्याकाळचं राजधानीला. गावातल्या बायका दुपारच्या आवाजावर कुकर लावायच्या.

किनाऱ्याला माझी आत्या राहते. बाबांची थोरली बहीण, अक्का. बाबा तिच्याकडे कधी विमानाने गेले नाहीत. "रोज आपलं विमान जातंय की तिकडे," म्हणायचे, "मी गेल्यासारखाच आहे." पायलटच्या हाती तिच्यासाठी पेरू पाठवायचे. पायलट वाटेत एखादा खायचा आणि उतरल्यावर तसं सांगायचाही.

*

मग मोठ्या कंपनीशी भागीदारी झाली.

"सोयरीक बरोबरीच्यात करावी," बाबा म्हणाले. "हत्तीच्या घरी मुलगी दिली की माहेरचं दार मोडावं लागतं."

थोरली सुट्या भागांसाठी गेली. मधली कुठल्याशा बेटांवर. धाकटी सगळ्यांत शेवटी. आता मोठ्या कंपनीचं जेट येतं आणि एकाच ठिकाणी जातं, मोठ्या शहरात. तिथून पुढे जग मोकळं. किनाऱ्याला जायचं तरी आधी उलट्या दिशेला उडायचं आणि तिथे विमान बदलायचं. आमच्या कंपनीचं उरलंय ते नाव. जेटच्या नंबराखाली बोर्डावर आमचाही एक नंबर लुकलुकतो. विमान तेच, दार तेच. आमच्या नंबराचं तिकीट काढलं तरी बसायचं त्यांच्यात.

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या. डावा आधीच गेलेला. बाबांचं तिकीट मी आमच्या नंबराचं काढलं, कारण दुसऱ्या कुठल्या तिकिटावर ते घराबाहेर पडले नसते.

*

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बॅग मी आधीच सामानात दिली होती, हातात फक्त पेरूंची पिशवी. बोर्डासमोर मान वर करून उभे राहिले.

"दोन आहेत. वरचं त्यांचं, खालचं आपलं."

"एकच आहे, बाबा. काल सांगितलं ना."

"काल तू आडनावांचं सांगितलंस."

ते पिवळ्या बाणाच्या टोकाला, बुजवलेल्या दाराशेजारच्या खिडकीपाशी जाऊन बसले. ती खिडकी मला माहीत होती. पंखेवाली विमानं त्या बाजूने वळून यायची. आता तिथे गवत वाढलंय.

मी माइकवर दोन्ही नंबर वाचले, एकामागोमाग. रांग लागली, सरकली, संपली. बाबा उठले नाहीत.

"बाबा, चला."

"ही मंडळी जाऊ देत. गर्दीत कशाला."

"मागे दुसरं विमान नाहीये."

"नसेल. मी थांबतो."

इतक्या सरळ म्हणाले की मला कळेना, त्यांना समजलेलं नाही की समजून बसलेत. आणि तिकडे आत्या हट्टाला पेटलेली. ती त्यांची सख्खी बहीण, म्हणजे टेबलावर झोपणार नाही म्हणाली की नाहीच.

मोठ्या कंपनीचा नवा साहेब दारात आला. चांगला मुलगा आहे, फक्त सारखा घड्याळाकडे बघतो.

"ताई, एक पॅसेंजर कमी. त्यांची बॅग उतरवायची का?"

"माझे वडील आहेत."

त्याने बाबांकडे पाहिलं. "आजारी आहेत?"

"नाही."

"मग?"

"जरा थांबा," म्हटलं.

"ताई, हे काय पूर्वीसारखं आहे का?"

पूर्वी असं होतं: कुणी रस्त्यात अडकलं, कुणाची म्हातारी गेटपाशी बसून राहिली, तर मी दारातून हात वर करायची. बाहेर बाबा तो हात बघायचे आणि ठोकळे काढायचेच नाहीत. चाकापाशी हाताची घडी घालून उभे. पायलट काचेतून खुणा करायचा, बाबा आकाशाकडे बघायचे. ठोकळे चाकाखाली आहेत तोवर विमान कुणाच्या बापाचं नाही.

साहेब वायरलेसवर बोलायला वळला. मी दारात गेले आणि हात वर केला.

*

"पोरी," बाबा खिडकीपासून म्हणाले.

मी त्यांच्याजवळ गेले. ते आता गवताकडे बघत नव्हते. मान वळवून जेटकडे बघत होते. जेटच्या पुढच्या चाकापाशी पैलवान उभा होता, हाताची घडी घालून, आकाशात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा.

"पैलवानाने ठोकळे काढले नाहीत," बाबा म्हणाले.

"नाही."

"म्हणजे कुणीतरी राहिलंय."

"हो."

"कोण ते? बाहेर सगळी ताटकळलीत की. माणसाला काही—" ते थांबले.



बाबांनी पिशवी उचलली. शर्ट खालून ओढून सरळ केला. "लोकांना खोळंबून ठेवणं बरं दिसत नाही," म्हणाले आणि दाराकडे चालू लागले. साहेबाने वायरलेस खाली घेतला आणि बाजूला झाला.

उन्हात ते जिन्यापर्यंत गेले. मग जिना सोडून चाकापाशी. मी दारातून ऐकत होते.

"किती वेळ उभा आहेस रे?"

"तुमच्या पेरूंची वाट बघतोय."

बाबांनी त्याला एक पेरू दिला. "आता पायाने ढकलू नकोस. नवे ठोकळे रबराचे असले म्हणून काय झालं."

"चढा हो. अक्का तिकडे डॉक्टरला खाईल."

बाबा चढले. वरच्या पायरीवर क्षणभर थांबले, मागे न बघता, आणि आत गेले. दार बंद झालं. पैलवानाने पेरू खिशात घातला, वाकला, हातांनी ठोकळे काढले आणि दोन्ही वर धरले. पायलटला दिसतील त्याहून बरेच वर, मधल्या एखाद्या खिडकीला दिसतील असे.

मी माइकपाशी आले आणि विमान सुटल्याचं सांगितलं. आमचाच नंबर आधी वाचला.

*

धाकटी इथून कायमची गेली त्या दिवशी बाबांना ताप होता. ते घरी झोपून होते, तिचे ठोकळे त्यांनी काढलेच नाहीत.