पहिल्यापासून म्हण

मास्तरीणबाईंचं डोकं महिनाभर उठलं होतं. लेकीचे दिवस भरत आलेले, जावई बोटीवर, आणि तिकडे जर्मनीत तिच्या उशाशी बसायला आईशिवाय कुणी नाही. मास्तरांना डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलेलं. म्हणजे एकटीनं जायचं, तिथे उतरून पुन्हा विमान बदलायचं, आणि ते चुकलं तर बाळंतपणही चुकलंच. भीती वाटते का, असं मास्तरांनी एकदा विचारलं. मला कसली भीती, म्हणून बाईंनी त्यांना उडवून लावलं.

मास्तरांचा जन्म टायपिंगच्या क्लासात गेलेला. अक्षर चुकलं की कागद ओढून काढायचा, नवा घालायचा, पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलवरून शोधलेली दहा जर्मन वाक्यंही त्यांनी तशीच घोटून घेतली. नमस्कार, हा माझा पासपोर्ट, सामान एकच आहे, खिडकीची जागा द्या, पाणी द्या. बाई भाजी चिरायला बसल्या की मास्तर समोर हजर. सातव्याला जीभ अडखळली की ठरलेलंच, पहिल्यापासून म्हण. त्यापेक्षा एखादा पोपट पाळा, असं त्या करवादायच्या. दहाव्याचा अर्थ विचारला तर म्हणाले, आभाराचं आहे, शेवटी म्हणायचं, विसरू नकोस.

आणि व्हायचं तेच झालं. पहिलं विमान उशिरा टेकलं. बाई धापा टाकत काउंटरवर पोचल्या. पुढचं विमान कुठून सुटतं, हे वाक्य नववं. पण ते मेलं सुटं येईचना. पाढा मधूनच कुठे म्हणता येतो? मनातल्या मनात नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. काउंटरवरच्या मुलीनं नमस्कार केला, पासपोर्ट पाहिला, खिडकीच्या जागेला नकारार्थी मान हलवली, पाण्याची बाटली पुढे केली. मागची रांग उसासे टाकू लागली. एकदाचं नववं आलं. मुलीनं भराभर उत्तर दिलं, हातवारे केले. बाईंना ओ की ठो कळलं नाही. पण जिभेला सवय होती, ती थांबली नाही.

"इश हाबे आंग्स्ट. कोमेन झी बिटे मिट."

मुलगी काउंटर सोडून बाहेर आली, बाईंचा हात धरला आणि थेट विमानाच्या दारापर्यंत त्यांना घेऊन गेली. आभार मानले तर एवढी माया, बाईंना नवलच वाटलं.

लेकीच्या उशाशी बसून त्यांनी ते वाक्य कौतुकानं म्हणून दाखवलं. लेक आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले.

"आई, त्याचा अर्थ, मला भीती वाटते. माझ्याबरोबर या."

बाई तडकल्याच. माझ्या तोंडी असलं घालतात म्हणजे काय! तिथल्या तिथे फोन लावला, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. पण पलीकडून मास्तरांनीच आधी विचारलं, "दहावं लागलं का गं?"

बाई फोन घेऊन खिडकीशी गेल्या.

"लागलं मेलं," त्या म्हणाल्या. "तेवढंच लागलं."